बीपी नॉर्मल आलं, तरी गोळी चालूच ठेवायची



कर्जाचा हप्ता आपल्या गटात कुणी चुकवत नाही. बीपीची गोळी मात्र सहज चुकते. चाकण, महाळुंगे, भोसरी भागातल्या बैठकींना आम्ही जातो, तेव्हा एक वाक्य हमखास कानावर येतं : “ताई, बीपी नॉर्मल आलं, म्हणून गोळी बंद केली.” आज त्याबद्दलच बोलू.

हृदय पंपासारखं रक्त ढकलतं. ते रक्त नसांच्या भिंतींवर जो दाब देतं, तो रक्तदाब. हृदय आवळतं तेव्हाचा वरचा आकडा, सैल पडतं तेव्हाचा खालचा. वेगवेगळ्या दिवशी मोजूनही वरचा 140 किंवा खालचा 90, नाहीतर त्याहून जास्त आला, तर बीपी वाढलंय असं डॉक्टर सांगतात. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत 15 वर्षांवरच्या शंभर बायकांमागे सुमारे 21 जणींना हा त्रास होता. म्हणजे दहा जणींच्या गटात सरासरी दोघी.

अडचण अशी, की बहुतेकींना काहीच जाणवत नाही. डोकं दुखत नाही, चक्कर येत नाही. आतून मात्र मेंदू, हृदय, मूत्रपिंड आणि डोळ्यांच्या नसा खराब होत राहतात. मग एक दिवस अचानक लकवा मारतो आणि कमावती बाई अंथरुणाला खिळते.

गोळी हा दाब धरून ठेवते, आजार मुळापासून काढत नाही. आकडा नॉर्मल आला तो गोळीमुळेच. ती सोडली की दाब पुन्हा चढतो. “गोळीची सवय लागते” हेही खरं नाही. आजार राहतो, म्हणून गोळी राहते. कमी-जास्त करायची ती डॉक्टरांनीच. एखाद्या दिवशी विसरली, तर दुसऱ्या दिवशी दोन घ्यायच्या नाहीत.

आपल्याच राज्यात सातारा, सिंधुदुर्ग, वर्धा आणि भंडारा जिल्ह्यांत 2017 नंतर सरकारने उच्च रक्तदाब नियंत्रणाचा उपक्रम राबवला. त्यात मोठी यंत्रं नव्हती. ठरावीक साध्या गोळ्या, महिनाभराचं औषध एकदम, प्रत्येकीची नोंद आणि न आलेल्यांची विचारपूस, एवढंच. भर होता तो खंड न पडण्यावर.

आपल्याकडे गावचं आरोग्य केंद्र आहे, चाकणचं ग्रामीण रुग्णालय आहे. राज्याच्या आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत 15 ऑगस्ट 2023 पासून तपासणी आणि उपचार मोफत आहेत. कामावर खाडा पडतो म्हणून आपण जात नाही. तर सुट्टीचा वार बघा, वेळ आधी विचारा आणि महिन्याच्या गोळ्या एकदम मिळतील का, तेही विचारा. पाळी बदलली, तरी गोळीची वेळ रोज एकच ठेवा.

मोजण्याआधी अर्धा तास चहा, मशेरी नको. पाच मिनिटं पाठ टेकून शांत बसा, पाय जमिनीवर, हात हृदयाच्या उंचीवर. मोजताना बोलू नका.

दिवसभराचं मीठ एका लहान चमच्याच्या आतच हवं. पापड, लोणचं, फरसाण यांतलंही मीठ त्यातच मोजायचं. सैंधव खाल्लं तरी तेच. मशेरी सोडा. उभ्याच्या कामाने कंबर दुखते म्हणून मेडिकलमधून रोज गोळी आणू नका, काही वेदनाशामक गोळ्यांनी बीपी वाढतं. माला-एन घेत असाल, तर डॉक्टरांना सांगा.

दिवस गेले असतील किंवा मूल हवं असेल, तर बीपीची गोळी आधी डॉक्टरांना दाखवा. काही गोळ्या बाळाला अपायकारक असतात. गरोदरपणात जोराची डोकेदुखी, डोळ्यांपुढे अंधारी किंवा तोंडावर सूज आली, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. तोंड वाकडं झालं, हात लुळा पडला, बोलणं अडखळलं किंवा छातीत दुखलं, तर लगेच 108 ला फोन करा.

पुढच्या बैठकीत हप्त्याच्या वहीत एक रकाना वाढवा : या महिन्याच्या गोळ्या आणल्या का? जिच्यापुढे ‘नाही’ येईल, तिच्याबरोबर एकीने दवाखान्यात जायचं.