दुखण्याचें नांव सांपडेपर्यंत



हाड मोडलें तर पट्टी दिसते, ताप आला तर पारा चढलेला दिसतो, आणि घरचीं माणसें न बोलावतां उशाशीं येऊन बसतात. परंतु महिनेच्या महिने डोकें दुखत आहे, मधूनच चक्कर येत आहे, आणि रक्त, डोळे, छाती, मेंदूचें चित्र, सारें कांहीं ठीक आहे असा निर्वाळा मिळत आहे, अशा माणसाची स्थिति मोठी कठीण असते. दुखणें खरें असतें, पण त्याला साक्षीदार नसतो. अशा माणसानें निदान होईपर्यंतचा काळ कसा काढावा, आणि तें निदान लवकर व्हावें म्हणून स्वतः काय करावें, हा आजच्या भाषणाचा विषय आहे.

आपल्या कोल्हापुरांतील एखादें घर कल्पनेनें डोळ्यांपुढें आणा. घरची सून पहांटे उठते, सर्वांचे डबे भरून देते, आणि स्वतः अकरा वाजेपर्यंत नुसत्या चहावर असते. आठवड्यांतून दोनदां तिचें डोकें उठतें. मग उजेड नको, भांड्यांचा आवाज नको, फोडणीचा वास नको, असें होऊन जातें. एखाद्या दिवशीं डोकें दुखत नाहीं, पण समोरची भिंत सरकल्यासारखी वाटते. प्रथम चष्मा बदलून होतो. नंतर पित्तावरचें औषध होतें. पुढें मानेचा एक्स-रे निघतो व त्यांत मणक्यांची थोडी झीज दिसते. अशी झीज उतरत्या वयांत पुष्कळांच्या चित्रांत, कांहींही दुखत नसतांना, दिसते. पण तिच्या गळ्याला पट्टा येतो. कोणी दृष्ट काढतें, कोणी अंबाबाईची ओटी बोलतें. शेवटीं मेंदूचें चित्र निघतें आणि तेंही निर्दोष ठरतें. ‘कांहीं निघालें नाहीं’ हे शब्द घरीं येतां येतां ‘हिला कांहीं झालेलें नाहीं’ असे होतात. दुखण्याइतकीच ही दुसरी वेदनाही तिला सोसावी लागते.

दुखण्याचा ठाव घेण्यासाठीं गांव सोडून वाट चालण्याची आपली रीत जुनी आहे. कोल्हापूर ते मिरज आगगाडी १८९१ सालीं सुरू झाली, आणि १८९४ सालीं डॉक्टर विल्यम वानलेस यांनीं मिरजेस आपलें रुग्णालय उघडलें. आतां तर कोल्हापुरांतच सरकारी वैद्यकीय महाविद्यालय आहे, आणि मेंदूचें चित्र काढणारीं यंत्रें आहेत. साधनें वाढलीं, तरी डोकेदुखीच्या बाबतींत एक गोष्ट बदललेली नाहीं, ती ही कीं, निदानाचा मुख्य आधार अजूनही रोग्याची हकीकतच आहे.

हें असें कां, तें पाहूं. राँटजेन यांनीं १८९५ सालीं क्ष-किरण शोधले. १९७१ सालीं लंडनमध्यें रोग्याच्या मेंदूचें पहिलें सी.टी. चित्र निघालें. या चित्रांत गांठ, सूज, रक्तस्राव हीं दिसतात; म्हणजे बांधणींतील बिघाड दिसतो. अर्धशिशींत बिघडते ती बांधणी नव्हे, चाल. बाजाच्या पेटीचें छायाचित्र कितीही स्वच्छ काढलें, तरी तिचा सूर उतरला आहे कीं नाहीं हें त्यांत दिसत नाहीं. त्यासाठीं पेटी वाजवून ऐकावी लागते. अर्धशिशी ठरविणारी रक्ताची तपासणी किंवा चित्र आजही उपलब्ध नाहीं. तेव्हां निर्दोष चित्राचा अर्थ ‘कांहीं भयंकर दिसलें नाहीं’ एवढाच घ्यावा. तो दिलासा आहे. पण त्यानें शोध संपत नाहीं.

आतां हकीकत कशी सांगावी ? दवाखान्यांत आपण ‘चक्कर येते’ एवढेंच सांगतों, आणि तेथेंच घोटाळा होतो. कारण या एका शब्दाखालीं निरनिराळीं दुखणीं लपलेलीं असतात. वास्तविक आपल्या भाषेंत यासाठीं शब्दांची वाण नाहीं. घर किंवा आपण स्वतः भोवऱ्यासारखे फिरत आहों असें वाटणें, ती भोवळ. तिचें मूळ बहुधा आंतल्या कानांत किंवा मेंदूच्या तोल सांभाळणाऱ्या भागांत असतें. उठून उभें राहतांना डोळ्यांपुढें काळोख दाटणें, ती अंधारी. तेथें रक्तदाब, शरीरांतील पाणी, रक्ताची कमतरता, चालू असलेलीं औषधें आणि हृदय यांकडे पाहावें लागतें. डोकें फिरत नाहीं, पण चालतांना पाय भलतीकडे पडतो, तें तोल जाणें. त्याचा शोध मेंदू, दृष्टि व पायांच्या नसा यांत घ्यावा लागतो. आणि डोकें नुसतें हलकें व अधांतरीं वाटणें हा चौथा प्रकार; तो अपुऱ्या झोपेंत, चिंतेंत, किंवा भोवळीचें मोठें दुखणें होऊन गेल्यावरही आढळतो.

शब्दापेक्षांही दोन गोष्टी डॉक्टरांस अधिक उपयोगी पडतात : चक्कर किती वेळ टिकते, आणि कशानें सुरू होते. अंथरुणावर कूस बदलतांच घर फिरूं लागतें आणि मिनिटाच्या आंत थांबतें, असें असेल तर आंतल्या कानांतील चुन्याचे सूक्ष्म कण जागा सोडून अर्धवर्तुळाकार नलिकेंत शिरले असावेत. हें ओळखण्याची, रोग्याला विशिष्ट रीतीनें झटकन् आडवें करून डोळे पाहण्याची पद्धति डिक्स व हॉलपाइक यांनीं १९५२ सालीं मांडली. आणि डोकें क्रमाक्रमानें वळवून ते कण परत जागीं नेण्याची युक्ति एप्ली यांनीं १९९२ सालीं प्रसिद्ध केली. कित्येकांस एकाच बैठकींत आराम पडतो. येथें गोळीचें फारसें काम नाहीं, आणि मेंदूच्या चित्रांत हे कण दिसतही नाहींत. उलट भोवळ वीस मिनिटांपासून कित्येक तास टिकते, एका कानांत दडा बसतो, गुणगुण होते, ऐकूं कमी येतें, असें असेल तर फ्रेंच वैद्य मेनिएर यांच्या नांवाच्या विकाराचा विचार होतो. भोवळीचें मूळ कानांत असूं शकतें, हें त्यांनीं १८६१ सालीं पॅरिसमध्यें मांडलें; तोंपर्यंत असे झटके मेंदूचेच मानले जात.

डोकेदुखीचेंही असेंच आहे. दोन्ही बाजूंनीं फडकें आवळून बांधल्यासारखें वाटणें निराळें, आणि एका बाजूस ठणका लागून जिना चढतांच तो वाढणें निराळें. दुसऱ्या प्रकारांत मळमळ येते, किंवा उजेड व आवाज सोसत नाहीं, आणि औषध न घेतल्यास झटका चार तासांपासून तीन दिवसांपर्यंत राहतो, हीच अर्धशिशी. सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रांत शिरोरोगांचे अकरा प्रकार मोजले आहेत. त्यांपैकीं ‘अर्धावभेदक’ याचें वर्णन करतांना अर्ध्या डोक्यांतील वेदनेबरोबर भ्रम, म्हणजे चक्कर, हेंही लक्षण दिलें आहे, आणि हा विकार पंधरवड्यानें, दहा दिवसांनीं किंवा अकस्मात् उलटतो असें म्हटलें आहे. डोकेदुखी आणि चक्कर यांची ही जोडी आधुनिक वैद्यकानें आपल्या कसोट्यांस लावली ती २०१२ सालीं. त्या वर्षीं तोलाच्या विकारांचा व डोकेदुखीचा अभ्यास करणाऱ्या दोन आंतरराष्ट्रीय संस्थांनीं अर्धशिशीजन्य चकरेचीं लक्षणें एकमतानें ठरविलीं. पांच मिनिटांपासून ७२ तासांपर्यंत टिकणारे निदान पांच झटके, अर्धशिशीचा पूर्वेतिहास, आणि निम्म्या झटक्यांत तरी तिचीं लक्षणें, असा त्याचा सारांश आहे. एखाद्या वेळीं डोकें मुळींच न दुखतां नुसती भोवळ येणें हेंही यांत बसतें. घाटांतून गाडी वळूं लागली कीं मळमळणारीं माणसें या विकारांत पुष्कळ आढळतात.

म्हणून माझी पहिली विनंति अशी कीं, एक साधी वही घालावी आणि झटका आला कीं त्याच दिवशीं दोन ओळी लिहाव्या. ‘मंगळवार, दुपारीं बारा, उजवी बाजू, ठणका, सहा तास, दोनदां वांती, सकाळपासून उपाशी, गोळी एक’ एवढें पुरे. झोप, जेवणाची वेळ, उपवास, ऊन, स्त्रियांच्या बाबतींत मासिक पाळी, यांची नोंद ठेवावी. सी.पी.आर. असो कीं मिरजेचें रुग्णालय असो, जेथें रोग्यांची रांग लागलेली असते तेथें डॉक्टरांपुढें मिळणारीं मिनिटें मोजकीं असतात. त्या मिनिटांत दोन महिन्यांची वही जें सांगेल तें आठवून सांगतां येणार नाहीं. भोवळीचा झटका चालू असतांना डोळ्यांची थरथर घरच्यांनीं मोबाइलवर टिपून ठेवली, तर तीही निदानास मोलाची ठरते.

दुसरी विनंति गोळ्यांविषयीं. साधी वेदनाशामक गोळी महिन्यांतून पंधरा किंवा अधिक दिवस, आणि मिश्र औषधांची किंवा अर्धशिशीवरची खास गोळी दहा किंवा अधिक दिवस, अशी तीन महिन्यांवर चालू राहिली, तर ती गोळीच डोकेदुखीचें कारण होऊं शकते. माणूस दुखतें म्हणून घेतो, आणि घेतो म्हणून दुखतें. या चक्रांतून बाहेर पडण्याचा मार्ग डॉक्टरांस विचारूनच धरावा. चकरेच्या गोळ्यांचेंही तसेंच : झटक्याच्या एक दोन दिवसांपुरत्या त्या ठीक, महिनोन् महिने घेतल्यास तोल सांवरण्याची मेंदूची स्वाभाविक शक्ति मंदावते, आणि वृद्धांस त्यांतील कांहीं औषधांनीं हातांस कंप व अंगास ताठरपणा येऊं शकतो.

तिसरी गोष्ट, घराकडे व कामाच्या जागेकडेही पाहावें. बंद न्हाणीघरांत गॅसचा बंब चालतो, किंवा ओतकामाच्या भट्टीजवळ काम आहे. तेथेंच डोकें उठतें, सुटीच्या दिवशीं बरें वाटतें, आणि बरोबरच्या माणसांसही तसेंच होतें, असें असेल तर विषारी वायूचा संशय घ्यावा. हा वायु दिसत नाहीं, त्याला वासही नसतो, आणि तो प्राण घेऊं शकतो. रक्तदाब आडवें असतांना व उभें राहिल्यावर, असा दोनदां मोजून घ्यावा. रक्तांतील हिमोग्लोबिन पाहावें. डोकेदुखीबरोबर आंचके आले, तर डुकरांतील पट्टकृमीच्या अंड्यांमुळें मेंदूंत होणाऱ्या गांठींचा विचार आपल्या देशांत करावाच लागतो. अस्वच्छ हातांतून व न धुतलेल्या भाजींतून हीं अंडीं शाकाहारी माणसाच्याही पोटांत जातात.

कांहीं लक्षणें मात्र वहींत लिहीत बसण्याचीं नव्हेत. क्षणार्धांत शिगेला पोंचलेली, पूर्वीं कधीं न अनुभवलेली डोकेदुखी; ताप व मान ताठणें; तोंड वांकडें होणें, हातपाय लुळा पडणें, बोबडी वळणें; एकाएकीं दृष्टि किंवा ऐकूं येणें जाणें; शुद्ध हरपणें; डोक्यास मार लागल्यानंतरची वाढती वेदना; गरोदरपणांतील किंवा बाळंतपणानंतरची तीव्र डोकेदुखी; उभेंच राहतां येऊं नये अशी अकस्मात् भोवळ; यांपैकीं एकही दिसलें तर तत्काळ रुग्णालय गांठावें. पन्नाशीनंतर प्रथमच सुरू झालेली डोकेदुखीही लवकर दाखवावी, विशेषतः चावतांना जबडा दुखत असेल तर. कारण त्या विकारांत उपचार लांबल्यास दृष्टि जाण्याचें भय असतें.

आतां घरच्यांस दोन शब्द. पुष्कळ दिवसांच्या दुखण्यानें माणूस भितो, चिडतो, समारंभास जाणें टाळतो. त्यावरून ‘हें सारें मनाचें आहे’ असा निकाल देणें सोपें असतें. चिंतेनें चक्कर वाढते हें खरें. पण बाजारांत मध्येंच भोवळ आलेल्या माणसाला पुढच्या वेळीं चिंता वाटली, तर त्यांत नवल तें काय? त्याला वेळेवर जेवूं द्यावें, ठराविक वेळीं झोपूं द्यावें, आणि झटक्यांत अंधारी खोली व शांतता द्यावी. त्या सूनबाईचा सकाळचा पहिला घांस अकराऐवजीं आठ वाजतां पडला, तर कदाचित् तोही उपचाराचा भाग ठरेल.

रोग्यानेंही दर महिन्यास डॉक्टर बदलूं नये. सर्व कागद तारीखवार एका फाइलींत लावून एका डॉक्टरांस आपला मुख्य सल्लागार करावें, आणि त्यांच्या सांगण्यावरून मेंदुविकारतज्ज्ञ किंवा कानाचे तज्ज्ञ यांच्याकडे जावें. झटके कमी करणारें रोजचें औषध सुरू झालें, तर त्याचा गुण दिसण्यास दोन तीन महिने लागतात. आठवड्यांत तें टाकूं नये. गुण किती आला, तेंही वहीच सांगेल.

नांव कधीं लवकर सांपडेल, कधीं उशिरां. तोंपर्यंत रोग्याच्या हातीं त्याची वही आहे, आणि घरच्यांच्या हातीं त्याच्या शब्दावर विश्वास ठेवणें आहे. ज्या दुखण्याचा दुसरा साक्षीदार नाहीं, त्याच्या निदानाची सुरुवात त्या विश्वासापासूनच होते.