जाडीतून उमटणारे छायाचित्र

दिव्यापासून दूर ठेवलेली लिथोफेनची पट्टी पाहून तिच्यात कोणाचे चित्र आहे हे सांगणे कठीण असते; पांढऱ्या प्लॅस्टिकच्या त्या वाकलेल्या पृष्ठावर काही उंचवटे, काही खळगे आणि आडव्या थरांच्या बारीक रेघा एवढेच दिसते, आणि ज्याने ती प्रथमच हाती घेतली तो तिला बिघडलेला नग समजून बाजूला सारण्याचाच संभव अधिक. मागे दिवा लावताच त्याच खळग्यांतून गाल, कपाळ आणि नजर प्रकट होते. जुन्या कौटुंबिक छायाचित्रावरून केलेल्या अशा एका पट्टीवरून प्रस्तुत लेखकाने बोट फिरविले, तेव्हा आजोबांची काळी टोपी सर्वांत जाड लागली, कपाळ पातळ लागले, आणि शेजारी बसलेल्या आजीच्या दोन भुवयांच्या मध्ये मोहरीएवढा एक उंचवटा बोटाला जाणवला. तो कुंकवाचा होता. त्या काळची बरीचशी फिल्म तांबड्या रंगाला आंधळी असे, म्हणून कुंकू कागदावर काळे उतरले; आणि काळे म्हणून त्रिमितीय छपाईच्या यंत्राने ते जाड केले.

जाडीतून चित्र उमटविण्याच्या या कलेचे पेटंट १८२७ साली पॅरिस येथे बॅरन पॉल द बूर्गोइंग या फ्रेंच मुत्सद्द्याने घेतले, आणि थोड्याच काळात बर्लिनच्या शाही पोर्सेलिन कारखान्याने तिचा मोठा व्यापार मांडला. काचेवर मेणाचा पातळ थर देऊन, काचेखालून उजेड सोडून, कारागीर तो थर कोरीत असे. जेथे उजेड हवा तेथे मेण कमी करावयाचे, जेथे छाया हवी तेथे राखावयाचे. त्या मेणावरून प्लॅस्टरचा साचा, साच्यातून पोर्सेलिनची फळी, आणि मग भट्टी, असा क्रम असे. पिस्तुलांचा अमेरिकन कारखानदार सॅम्युएल कोल्ट याने हार्टफर्ड येथील आपल्या घरात शंभराहून अधिक लिथोफेन लावली होती, आणि १८५५ साली स्वतःच्या एका छायाचित्रावरून १११ प्रती करवून त्या इष्टमित्रांना वाटल्या. छायाचित्राचे लिथोफेन करण्याची हौस आजची नव्हे, ती कोल्टसाहेबांइतकी तरी जुनी आहे. भेद इतकाच की त्यांच्या वेळी छायाचित्र आणि पोर्सेलिन यांच्यामध्ये कारागिराचा डोळा आणि हात उभा होता.

तो हात प्रथम बाजूला सारला वॉल्टर बेंटली वुडबरी या इंग्रज छायाचित्रकाराने. १८६४ सालच्या त्याच्या पेटंटाप्रमाणे रसायन मिसळलेल्या जिलेटिनवर निगेटिव्हमधून उजेड पाडला म्हणजे उजेडाच्या मानाने जिलेटिन घट्ट होई. उरलेले कोमट पाण्याने धुऊन काढले की चित्राची उंचसखल प्रतिमा हाती येई, आणि ती जलदाबयंत्राखाली शिशाच्या पत्र्यात दाबून साचा तयार होई. त्यात रंगीत जिलेटिन ओतून छापलेल्या चित्रातील प्रत्येक छटा ही शाईच्या थराची जाडी असे. आज संगणक जे करतो त्याचे तत्त्व येथे पूर्णपणे आले आहे. वुडबरीचे नाव या संदर्भात क्वचितच घेतले जाते, ही कृतघ्नता म्हटली पाहिजे.

छटेचे जाडीत रूपांतर करणे वरवर त्रैराशिकाचे काम वाटते. वस्तुतः प्रकाश पदार्थातून जाताना जाडीच्या सरळ प्रमाणात घटत नाही, तर प्रत्येक सारख्या थराला उरलेल्याचा तोच अंश अर्पण करीत घटतो, हे पिएर बुगेर या फ्रेंच शास्त्रज्ञाने १७२९ सालीच मांडले होते. दाखल्यासाठी असे धरू की एखाद्या पांढऱ्या पीएलए प्लॅस्टिकमध्ये दर अर्ध्या मिलिमीटरला उजेड निम्मा होतो, आणि आपली पट्टी पांढऱ्यासाठी ०.८ तर काळ्यासाठी ३ मिलिमीटर जाड आहे. पांढऱ्याच्या निम्मा उजेड जेथे हवा तेथे जाडी १.३ मिलिमीटर असावयास हवी. ती बरोबर मधली, म्हणजे १.९ मिलिमीटर धरली, तर उजेड पंचमांशाहून किंचितच अधिक उरतो. परंतु संगणकातील चित्रांत छटांचे आकडेही उजेडाच्या सरळ प्रमाणात नोंदलेले नसतात. ० ते २५५ या मापातला १२८ हा आकडा पडद्यावर पांढऱ्याच्या सुमारे २२ टक्केच उजेड देतो. म्हणजे मध्यम छटेपाशी दोन चुका एकमेकींची भरपाई करतात, आणि भोळ्या त्रैराशिकावर चालणारी सॉफ्टवेअरे पुष्कळदा बिनतक्रार खपून जातात ती यामुळेच. ६४ या आकड्यापाशी मात्र पडदा ५ टक्के उजेड दाखवील, आणि आपली पट्टी १०. म्हणून सावल्या फिक्या पडतात. शिवाय पांढऱ्या प्लॅस्टिकमध्ये उजेड विखुरतो फार, तेव्हा नियम तंतोतंत लागत नाही, आणि निरनिराळ्या जाडीच्या पायऱ्यांचा एक लहानसा नमुना आपल्याच फिलामेंटमध्ये, म्हणजे यंत्रात घालावयाच्या प्लॅस्टिकच्या तारेत, छापून पाहण्यावाचून गत्यंतर नसते.

आता वक्रतेचा प्रश्न. पट्टी आडवी छापली तर जाडी थरांच्या संख्येवर ठरते, ०.२ मिलिमीटरच्या थरांनी २.२ मिलिमीटरच्या फरकात अवघ्या ११ पायऱ्या मिळतात, आणि गालावर नकाशातल्या समोच्च रेषा उमटतात. म्हणून ती उभी छापतात, कारण तेव्हा जाडी वितळलेले प्लॅस्टिक सोडणाऱ्या नोझलच्या आडव्या हालचालीवर अवलंबून राहते, आणि ती हालचाल मिलिमीटरच्या शतांशाच्या आसपास आवरता येते. परंतु सपाट, उंच आणि पातळ भिंत नोझलच्या ओढीने वर जाता जाता डुलू लागते. तीच वाकवून उभी केली की स्वतःच्या पायावर ठाम राहते. वाकविताना छायाचित्राची रुंदी कंसावर मोजावी, जीवेवर नव्हे: ६० मिलिमीटर त्रिज्येच्या १२० अंशांच्या कंसाची लांबी सुमारे १२६ मिलिमीटर भरते, जीवेची १०४, आणि दुसरे माप घेणाऱ्याच्या घरचे सर्व पूर्वज गुबगुबीत होतात.

वक्रतेला दिव्याचे अनुमोदन याहून महत्त्वाचे. १०० मिलिमीटर रुंद सपाट पट्टीच्या मध्यामागे ५० मिलिमीटरवर लहान दिवा ठेवला, तर कडेपर्यंतचे अंतर वाढते आणि किरण तिरपे पडतात. कडेला मध्याच्या जेमतेम एकतृतीयांश उजेड पोहोचतो. वृत्तचितीच्या अक्षावर दिवा ठेवल्यास त्याच उंचीवरचा प्रत्येक बिंदू सारख्या अंतरावर येतो आणि किरण पृष्ठाला आडवेतिडवे न भिडता सरळ भिडतात, त्यामुळे समूहचित्राच्या टोकाला उभा राहिलेला चुलताही मधल्या वडीलधाऱ्यांइतकाच उजळतो. खालीवर मात्र ही सोय नाही. डोक्याकडे व पायांकडे उजेड घटतोच.

तो दोष गोलात नाहीसा होतो, आणि बाजारातले चंद्रदिवे बहुधा याच हिशेबाने चांगले दिसतात. पण छटांवरून केलेल्या अशा दिव्यावर बोट फिरविणाऱ्याने सावध असावे. चंद्रावरचे काळे डाग म्हणजे बेसाल्टची सखल मैदाने, आणि येथे ती काळी असल्याच्या गुन्ह्यावरून पठारे झालेली असतात. डोळ्याला खरे आणि बोटाला खोटे, असा हा प्रकार.

दोहोंना एकच खरे सांगणारे लिथोफेन २०२२ साली 'सायन्स अॅडव्हान्सेस' या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. अमेरिकेतील बेलर विद्यापीठाचे रसायनशास्त्रज्ञ ब्रायन शॉ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वर्णपट, प्रथिनांचे विद्युत्‌पृथक्करण, सूक्ष्मदर्शकातून दिसणारा फुलपाखराचा पंख अशा पाच चित्रांच्या पट्ट्या छापून त्या अंध आणि डोळस वाचकांपुढे ठेवल्या. अंधांची स्पर्शाने दिलेली उत्तरे सरासरी ९६.७ टक्के बरोबर निघाली. मागे दिवा लावून पाहणाऱ्या डोळसांची ९२.२ टक्के, आणि डोळे बांधून चाचपणाऱ्या डोळसांची ७९.८ टक्के.