परतीचा फाटा

नांदेडहून येणारा रस्ता वारंगा फाट्यावर दुभंगतो. एक वाट हिंगोलीला जाते, दुसरी नागपूरकडे. इथली गरम खिचडी खाताना, सुटीवर आलेल्या अमेरिकेतल्या मुलाला आई हळूच विचारते, ‘आता कायमचा कधी येणार रे?’

पूर्वी उत्तर ठरलेले असे : ‘इथं येऊन करू काय?’ १९९१ साली देशाला सोने गहाण टाकावे लागले होते. त्या पिढीला दोष कसा द्यावा? आज चित्र पालटले आहे. २०२२ मध्ये भारतीय अर्थव्यवस्थेने ब्रिटनला मागे टाकले. सप्टेंबर २०२५ मध्ये अमेरिकेने नव्या एच-वन-बी व्हिसा अर्जांवर एक लाख डॉलरचे शुल्क लादले. साहजिकच परतीचा विचार पुन्हा डोके वर काढतो.

पण केवळ देश मोठा झाला म्हणून माणूस परतत नाही. शिक्षणाला साजेसे काम लागते. याच जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ गुरुत्वीय लहरी टिपणाऱ्या ‘लायगो-इंडिया’ वेधशाळेसाठी केंद्राने २०२३ मध्ये २,६०० कोटी रुपये मंजूर केले. जगभरातल्या संशोधकांना हिंगोलीचा पत्ता विचारावा लागेल, असे हे काम!

अर्थात, एका वेधशाळेत किती जण सामावणार? बाकीच्यांसाठीही गावाजवळ असे काही उभे राहायला हवे. तोवर आईचा प्रश्न फाट्यावरच थांबलेला राहील.