अज्जींचे वीस सेकंद

दिवाळीच्या सुटीत आमच्या मुलीने तीन मैत्रिणींसह शाळेच्या प्रकल्पासाठी बेळगावच्या किल्ल्यातील कमल बस्तीवर चित्रफीत केली. हे १२०४ सालचे जैन मंदिर. चाळीस मिनिटांचे चित्रण पाच मिनिटांत बसवायचे होते. चौघींनी आपापल्या मोबाइलवर चार जुळण्या केल्या आणि भांडण जुंपले.

अखेर ठरले : प्रत एकच, जुळणी एकीच्याच हाती, बाकीच्यांनी आवाज, निवेदन आणि पडद्यावरची अक्षरे पाहायची. पहिली जुळणी घरच्यांना व शेजाऱ्यांना दाखवली. नियम एवढाच, की मुलींनी खुलासे द्यायचे नाहीत. कोणत्या मिनिटाला कोण काय म्हणाले, ते लिहून घ्यायचे.

आमच्या सासूबाई म्हणाल्या, "वाऱ्यात काही ऐकू येत नाही गं." मागून आणखी दोघे तेच बोलले. शेजारच्या कन्नड अज्जी मात्र गप्प होत्या. उठताना हळूच म्हणाल्या, "माझं बोलणं कुठं गेलं?"

छतातल्या दगडी कमळाविषयी त्या अर्धे मराठीत, अर्धे कन्नडमध्ये बोलल्या होत्या. "भाषा सरमिसळ वाटली म्हणून काढलं," मुलीने कबूल केले.

मूळ चित्रण पुसले नव्हते, हे बरे झाले. दुसऱ्या जुळणीत वाऱ्याच्या जागी निवेदन आले, नुसते संगीत कमी झाले आणि अज्जींचे वीस सेकंद दोन्ही लिपींतल्या अक्षरांसह परतले.

पालकहो, मुलांच्या चित्रफितीला नुसते 'छान' म्हणू नका. कुठे अडलात, ते सांगा. आपल्या घरातली भाषा कात्रीखाली जात नाही ना, तेही पाहा.