एकशे अठ्ठावीस डोळ्यांची रांग

ढिगात हात घालायचा, मूठभर सोयाबीन तळहातावर पसरायचे, डागी किती, फुटके किती, माती-काडी किती हे नजरेने तोलायचे आणि भाव बोलायचा. परभणी, सेलू, मानवत, जिंतूर, कोणत्याही मोंढ्यात रीत हीच. मॉइश्चर मोजायला मीटर आला, वजनाला इलेक्ट्रॉनिक काटा आला. डागाचा हिशेब मात्र अजून घेणाऱ्याच्या डोळ्यावर आहे, आणि तो डोळा व्यवहारातल्या एकाच बाजूचा असतो. मोंढ्यातून तूर किंवा हरभरा डाळ मिलमध्ये गेला की चित्र पालटते. तिथले सॉर्टेक्स यंत्र प्रत्येक दाणा एकेकटा पाहते आणि बिघडलेला दाणा हवेच्या फुंकरीने बाजूला उडवते. विकणाऱ्याचा माल मुठीने पारखला जातो आणि विकत घेतलेला माल दाण्यादाण्याने, ही विषमता खटकणारी आहे. सॉर्टेक्सच्या आत असतो तशा जातीचा प्रकाश-सेन्सर आज सुटा मिळतो आणि विद्यार्थ्याच्या टेबलावरच्या मायक्रोकंट्रोलर बोर्डाला जोडता येतो. तो परभणीत जोडला जावा, आणि जोडताना पिक्सेलच्या आकड्याला भुलण्याऐवजी वेळेचे गणित आधी मांडले जावे, असे मला वाटते.

रेषीय सेन्सर म्हणजे प्रकाश मोजणाऱ्या बारीक खणांची, म्हणजे पिक्सेलची, एकच ओळ. साध्या कॅमेऱ्यात अशा शेकडो ओळी एकाखाली एक असतात, इथे एकच. त्यामुळे त्याला एका वेळी चित्र दिसत नाही, चित्राचा फक्त एक धागा दिसतो. पुढचा धागा दिसायला समोरची वस्तू तरी सरकली पाहिजे किंवा सेन्सर तरी. भारताचा आयआरएस-१ए हा उपग्रह १७ मार्च १९८८ रोजी बैकोनूरहून सोडला गेला, त्याचे लिस कॅमेरे याच तत्त्वावर चालत. लिस-१ मध्ये २०४८ खणांची ओळ होती आणि एक खण जमिनीवरचा ७२.५ मीटरचा तुकडा पाहत असे. गुणाकार केला की सुमारे १४८ किलोमीटर रुंदीचा पट्टा होतो. उपग्रह पुढे सरके आणि ओळीला ओळ जोडून खालच्या मुलखाचा नकाशा उमटे. सॉर्टेक्समध्ये यंत्र जागच्या जागी असते आणि दाणा पडतो. उपग्रहाचे काम तिथे गुरुत्वाकर्षण करते. सॉर्टेक्स हे मुळात लंडनच्या एका कंपनीचे नाव. ते बाजारात इतके रुळले की कोणत्याही बनावटीच्या रंगनिवड यंत्राला आपल्याकडे सॉर्टेक्सच म्हणतात आणि किराणा दुकानातल्या पाटीवरही ‘सॉर्टेक्स डाळ’ असे लिहिलेले असते.

परभणीत याला लागणारी माणसे आहेत. १८ मे १९७२ रोजी स्थापन झालेल्या इथल्या कृषी विद्यापीठाला २०१३ पासून वसंतराव नाईक यांचे नाव आहे. त्याच्या आवारात कृषी अभियांत्रिकी आणि अन्नतंत्र या दोन्ही शाखांची महाविद्यालये आहेत. जागतिक बँकेच्या साहाय्याने चाललेल्या राष्ट्रीय कृषी उच्च शिक्षण प्रकल्पातून तिथे यंत्रमानव, ड्रोन आणि स्वयंचलित यंत्रे यांवर डिजिटल शेतीचे केंद्रही उभे राहिले. ड्रोन आकाशात उडतो म्हणून लोकांना दिसतो. एका ओळीचा सेन्सर करंगळीच्या नखाएवढाही असू शकतो, त्याच्यापुढे कोणी फीत कापत नाही.

आता सेन्सर कोणता, हा प्रश्न. हौशी आणि विद्यार्थी मंडळींत दोन नावे नेहमी येतात. एक तोशिबाचा टीसीडी १३०४. हा सीसीडी, म्हणजे बेल प्रयोगशाळेत विलर्ड बॉइल आणि जॉर्ज स्मिथ यांनी १९६९ मध्ये शोधलेल्या आणि २००९ मध्ये नोबेल मिळवणाऱ्या तंत्राचा वारसदार. त्यात ८ मायक्रोमीटर रुंदीचे ३६४८ पिक्सेल आहेत. दुसरा टीएसएल १४०१, त्यात पिक्सेल फक्त १२८. पहिल्या नजरेत कोणीही ३६४८ कडे झुकेल. पण दाणा अर्धा मीटर मोकळा पडला की त्याचा वेग सेकंदाला सुमारे ३ मीटर होतो. टीसीडी १३०४ ला ४ मेगाहर्ट्झचे, म्हणजे त्याला झेपणारे सर्वांत वेगवान, मुख्य क्लॉक दिले तरी पिक्सेल त्याच्या चौथ्या हिश्शाने, सेकंदाला १० लाख, बाहेर येतात. कडेचे निकामी पिक्सेल धरून एका ओळीत ३६९४ मोजावे लागतात, म्हणजे एका ओळीला ३.७ मिलिसेकंद. तेवढ्यात दाणा ११ मिलिमीटर खाली गेलेला असतो. सोयाबीनचा दाणा साधारण ६-७ मिलिमीटरचा. तो अख्खा एकाच ओळीत पुसट होऊन जाऊ शकतो. टीएसएल १४०१ ला १ मेगाहर्ट्झचे क्लॉक दिले तर १२९ ठोक्यांत, म्हणजे १२९ मायक्रोसेकंदांत, ओळ पुरी होते आणि तेवढ्यात दाणा ०.४ मिलिमीटरही हलत नाही. एका दाण्यावर पंधरा-सोळा ओळी मिळतात. १२८ पिक्सेल लेन्सने १२८ मिलिमीटर रुंद घसरणीवर पसरले तर आडव्या दिशेने दाण्याला सहा-सात पिक्सेल येतात. पडत्या दाण्यासाठी कमी पिक्सेलचा सेन्सर जास्त पाहतो, तो असा.

टीसीडी १३०४ वाया जातो असे मात्र नाही. जी वस्तू पळत नाही तिथे तो उत्तम. त्याची ओळ भरते २९ मिलिमीटरची, आणि आपल्याकडे लांब धाग्याचा कापूस म्हणतात तो २७.५ ते ३२ मिलिमीटरचा. फायब्रोग्राफ या यंत्रात तंतूंचा झुपका प्रकाशासमोरून सरकवून लांबी काढतात, के. एल. हर्टेल यांची ही कल्पना १९४० च्या सुमाराची. कापूस पिकवणाऱ्या जिल्ह्यात त्यावरही कोणीतरी बसले पाहिजे.

टीएसएल १४०१ ची जोडणी पाहिली तर चकवणारी आहे. वीज आणि ग्राउंड सोडले तर कामाच्या तारा तीनच: सुरुवात सांगणारी एसआय, ठोके देणारी क्लॉक आणि उत्तर देणारी एओ. एसआयला एक ठोका द्यायचा, मग क्लॉक हलवत राहायचे आणि प्रत्येक ठोक्याला एओवर येणारे व्होल्टेज वाचायचे. पण हे उत्तर आत्ताच्या प्रकाशाचे नसते. एसआय येताच आधी साठवलेला प्रकाश आतल्या कपॅसिटरवर उतरवला जातो आणि तोच एकेक करून बाहेर येतो. दरम्यान पहिल्या १८ ठोक्यांत खण रिकामे होतात आणि पुढची साठवण गुपचूप सुरू होते. म्हणून आपण वाचतो ती ओळ नेहमी मागच्या फेरीची असते, आणि सुरू केल्यावरची पहिली ओळ टाकूनच द्यावी लागते. दोन एसआयमधल्या काळातून हे १८ ठोके वजा केले की उरतो तो प्रकाश साठवण्याचा काळ. तो लांबला तर तोच दाणा उजळ दिसतो, आखडला तर काळवंडतो. प्रोग्रॅम मधेच स्क्रीनवर काही छापायला थांबला तर दाण्याचा रंग बदलतो. इथे वेळेतली चूक प्रकाशातली चूक होऊन बाहेर पडते आणि चांगला दाणा डागी ठरतो.

म्हणूनच बोर्डाची निवड सेन्सरइतकीच जपून करावी लागते. आर्डुइनो उनो स्वस्त आणि सोपा, महाविद्यालयांत सर्वांच्या हाताखालचा. पण त्याच्या नेहमीच्या आज्ञेने एक व्होल्टेज वाचायला १०० मायक्रोसेकंदांच्या वर लागतात. १२८ पिक्सेल म्हणजे सुमारे १४ मिलिसेकंद, आणि दाणा ४ सेंटिमीटर पुढे. त्याची स्मृती २ किलोबाइट, टीसीडी १३०४ ची एक ओळसुद्धा त्यात मावत नाही. तत्त्व समजून घ्यायला उनो पुरेसा, दाणा मोजायला नाही. एसटीएम३२ च्या न्यूक्लिओ बोर्डांवर, उदाहरणार्थ एफ४०१ वर, वाचनाचा वेग सेकंदाला २४ लाखांपर्यंत जातो. त्याहून मोलाची गोष्ट ही की त्यात क्लॉकचे ठोके हार्डवेअरचा टायमर देतो, त्याच ठोक्यावर वाचन होते आणि आकडे डीएमएच्या, म्हणजे प्रोसेसरला वगळणाऱ्या, वाटेने परस्पर स्मृतीत जाऊन बसतात. प्रोग्रॅम कुठे का अडकेना, ठोका चुकत नाही. एक खबरदारी हवी: ५ व्होल्टवर चालवलेल्या टीएसएल १४०१ चे आउटपुट ४ व्होल्टच्याही वर जाते आणि ते बोर्डावरच्या ३.३ व्होल्टच्या एडीसीला, म्हणजे व्होल्टेजचा आकडा करणाऱ्या भागाला, सोसत नाही. सेन्सर ३.३ व्होल्टवरही चालतो, तर तो तिथेच चालवावा. एओ आणि ग्राउंडमध्ये ३३० ओहमचा रोध लावावा आणि ०.१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर सेन्सरच्या अगदी पायाशी.

मोबाइलचा कॅमेरा असताना हा उपद्व्याप कशाला, असे कोणीही विचारेल. ताटलीत पसरलेल्या, स्थिर दाण्यांसाठी मोबाइल खरोखर सरस आहे, हे मोकळेपणाने मान्य करावे. पण सेकंदाला ३० चित्रे म्हणजे दोन चित्रांमध्ये ३३ मिलिसेकंद, आणि पडता दाणा तेवढ्यात १० सेंटिमीटर जातो. शिवाय मोबाइल उजेड आणि रंग आपल्या मर्जीने सुधारून चित्र देखणे करतो. देखणे चित्र आणि मोजमाप या वेगळ्या गोष्टी आहेत. दुसरा आक्षेप अधिक वजनदार: तयार सॉर्टेक्स बाजारात आहेत, त्यांच्याशी ब्रेडबोर्डावरची जोडणी काय टक्कर देणार? टक्कर द्यायचीच नाही. गिरणीला तासाला टनांनी माल निवडायचा असतो. मोंढ्यात हवे आहे ते नमुना मोजणारे यंत्र, जे पाव किलो दाणे एकेक करून सोडील आणि शंभरात डागी किती ते सांगेल. त्याला हवेच्या फुंकरीची गरज नाही आणि मोठ्या संगणकाचीही नाही. सेकंदाला साडेसात हजारांवर ओळी येतात. १,१५,२०० बॉडच्या सिरियल तारेतून त्यातल्या जेमतेम ४५ बाहेर पडतील. निवाडा बोर्डावरच व्हावा लागतो आणि बाहेर फक्त आकडा यावा लागतो.

आता अडचणी, आणि त्या थोड्या नाहीत. १२९ मायक्रोसेकंदांच्या एका ओळीत पुरेसा प्रकाश साठायचा तर उजेड प्रखर हवा. तो डीसीवरच्या एलईडीचा हवा, कारण आपल्या ५० हर्ट्झच्या विजेवरची ट्यूब सेकंदाला १०० वेळा मंद-तेज होते आणि डोळ्याला न दिसणारी ती लाट सेन्सरला पट्ट्यांसारखी दिसते. सेन्सरला रंग कळत नाही, फक्त कमी-जास्त उजेड कळतो. लाल, हिरवा आणि अवरक्त असे तीन एलईडी ओळीगणिक आळीपाळीने पेटवले तर रंग कळतो, पण मग तिन्ही मिळून ०.३९ मिलिसेकंद लागतात आणि दाण्यावरच्या पंधरा रंगहीन ओळींच्या जागी पाच रंगीत ओळी उरतात. धुळीचे तर विचारूच नये. सेन्सरच्या काचेवर बसलेला एक कण साध्या फोटोत ठिपका होतो, इथे तो प्रत्येक ओळीत त्याच जागी येऊन उभी रेघ ओढतो, आणि त्या पिक्सेलखालून जाणारा प्रत्येक दाणा डागी होतो. म्हणून दर थोड्या वेळाने पांढऱ्या पट्टीकडे पाहून आणि दिवा विझवून पिक्सेलवार दुरुस्ती करावी लागते. परभणीच्या मे महिन्यात पारा ४२ अंशांच्या वर जातो, पत्र्याच्या पेटीत त्याहून जास्त. सिलिकॉनचा अंधारातला प्रवाह उष्णतेबरोबर झपाट्याने वाढतो, त्यामुळे सकाळी घेतलेले काळे माप दुपारी खरे राहत नाही.

हे सारे तंत्राने सुटेल. दाण्याचा स्वतःचा प्रश्न इतका सोपा नाही. महाराष्ट्रात वर्षानुवर्षे पेरल्या गेलेल्या जेएस ३३५ या सोयाबीन वाणाच्या पिवळ्या दाण्याला काळी नाभी असते. १ मिलिमीटरच्या पिक्सेलला ती नाभी आणि बुरशीचा डाग यांत फरक दिसणे कठीण. दाणा पडताना नाभी सेन्सरकडे आहे की पाठीमागे, हे दर वेळी वेगळे. काळेपणाची मर्यादा सैल ठेवली तर डाग सुटतो आणि घेणारा फसतो. आवळली तर नाभी पकडली जाते आणि विकणाऱ्याचे पैसे कापले जातात. नाभी लांबट आणि नेमक्या आकाराची असते, डाग वेडावाकडा पसरतो, हे सांगायला पंधरा ओळी कदाचित पुरतील. तीन रंगांत वाटून पाच उरल्यावर बहुधा पुरणार नाहीत. दोन्ही बाजूंनी सेन्सर लावला तर निदान लपलेला डाग सापडेल, पण दोन सेन्सरांचे ठोके एकमेकांशी जुळवण्याचे काम वाढते. आणि वाण बदलला की मर्यादा पुन्हा बसवावी लागते, म्हणजे यंत्राला वाणाचे नाव सांगणारा कोणीतरी आला, पुन्हा व्यवहारातल्याच एका बाजूचा. यावर पडताळणी एकच सुचते. निवडक चांगले शंभर दाणे आणि ओळखीचे डागी शंभर दाणे बरण्यांत जपून ठेवायचे, सकाळी, दुपारी, दिवा बदलल्यावर, लेन्स पुसल्यावर तेच दाणे पुन्हा पुन्हा सोडायचे आणि दर वेळचा आकडा शेतकरी आणि आडत्या दोघांसमोर फळ्यावर लिहायचा. ते आकडे एकमेकांशी जुळेपर्यंत यंत्राचा निवाडा कोणाच्याही हिशेबपट्टीवर चढवू नये.