सायकल बाजूनेही दिसायला हवी!

परवा रात्री स्कूटरवरून घरी येत होतो. गल्लीतून एक सायकल अचानक आडवी आली आणि माझी पाचावर धारण बसली. गंमत म्हणजे तिला पुढे दिवा होता, मागेही लाल होता. पण आडव्या सायकलचे हे दिवे मला दिसणार कसे?

म्हणून मी माझ्या सायकलच्या चाकांना रिफ्लेक्टिव्ह टेप लावली आहे.

या टेपमध्ये काचेचे अगदी बारीक मणी किंवा छोटे प्रिझम असतात. प्रकाश जिकडून आला तिकडेच ते परत पाठवतात. त्यामुळे हेडलाइटमागे बसलेल्या माणसाला टेप लख्ख दिसते. त्यात चाक फिरतं, म्हणजे ते प्रकाशाचं कडंच! सायकल आहे हे लगेच कळतं.

जर्मनी आणि नेदरलँड्समध्ये चाकांना रिफ्लेक्टर कायद्यानेच लागतात. तिथल्या बऱ्याच टायरवर चमकती पट्टी आधीच असते.

लावण्याआधी रिम स्पिरिटने पुसून कोरडी करा. रिम ब्रेक असतील तर ब्रेकचं रबर घासतं तिथे टेप अजिबात नको, ब्रेक नीट लागणार नाही. आतल्या बाजूला, दोन स्पोकच्या मधे छोटे तुकडे चिकटवा. डिस्क ब्रेकवाल्यांना मोकळं रान. स्पोकवर चढवायच्या नळ्याही मिळतात, पण माझ्या दोन-चार खड्ड्यांत उडाल्या. (आपले रस्ते!)

चिखल बसला की चमक गेली, तेव्हा पावसाळ्यात फडकं मारत राहा. आणि टेप स्वतः उजेड देत नाही, दिवे हवेतच.

कुणाला काही अडलं तर कमेंटमध्ये विचारा. चाकाचा फोटो टाकलात तर टेप कुठे लावायची तेही सांगतो.