घरचे घड्याळ

मनगटी घड्याळ ही वस्तू दिसावयास लहान. परंतु ती घडविणे म्हणजे राष्ट्राच्या कारागिरीची कसोटीच होय. भारत स्वतंत्र झाला तेव्हा देशात कापडाच्या गिरण्या होत्या, पोलादाचा कारखाना होता, रेल्वेचे विस्तीर्ण जाळे होते. पण गाडीची वेळ पाहण्यासाठी मनगटावर बांधावयाचे घड्याळ मात्र परदेशातून येई. स्विस घड्याळ हे श्रीमंतीचे लक्षण होते. जावयाला घड्याळ दिले, तर त्याची वाच्यता गावभर होई.

ही चैनीची वस्तू घरी बनविण्याचे काम बंगळूरने अंगावर घेतले. हिंदुस्थान मशीन टूल्स, म्हणजेच एचएमटी, हा सरकारी कारखाना तेथे १९५३ साली स्थापन झाला होता. त्याचे मूळ काम लेथसारखी यंत्रे तयार करण्याचे. पुढे जपानच्या सिटिझन कंपनीशी करार होऊन बंगळुरात घड्याळांचा कारखाना उभा राहिला, आणि १९६१ साली तेथील पहिली घड्याळे पंडित नेहरूंच्या हस्ते बाहेर पडली. ज्यांनी यंत्रे बनविणारी यंत्रे घडविली, त्यांनीच आता केसाएवढ्या बारीक भागांना हात घातला.

हे काम किती नाजूक आहे, हे घड्याळाच्या पोटात डोकावल्याशिवाय कळत नाही. चावी दिली की एका डबीतील पोलादी कमान गुंडाळली जाते. उलगडताना ती दातेरी चाकांची माळ फिरविते. पण कमानीला मोकळे सोडले, तर तिचा सारा जोर क्षणात संपून जाईल. तो जोर थोडा थोडा सोडणारा रखवालदार म्हणजे तोलचक्र. केसासारख्या बारीक, वेटोळ्याच्या कमानीवर ते मागेपुढे झोके घेते आणि प्रत्येक झोक्याला चाकाचा एकच दात पुढे जाऊ देते. आपण ऐकतो ती टिकटिक हीच. एचएमटीच्या चावीच्या घड्याळात असे ठोके सेकंदाला पाच, तासाला १८,००० आणि दिवसाला ४,३२,००० पडतात. दिवसाकाठी अर्धा मिनिट मागे पडणारे घड्याळ आपण सामान्य समजतो. परंतु ती चूक २,८८० भागांत एका भागाएवढीच असते.

तबकडीवर लिहिलेल्या ‘सतरा ज्युवेल्स’ या शब्दांचे अनेकांना कुतूहल वाटते. हे खडे दागिन्याचे नव्हेत. धातूवर धातू घासला तर झिजतो. म्हणून चाकांच्या आसांची टोके कृत्रिम माणकांच्या छिद्रांत बसवितात. मधल्या चाकापासून तोलचक्रापर्यंत ज्या ज्या ठिकाणी घर्षण होते, तेथे मिळून असे सतरा खडे लागतात. त्यांवाचून घड्याळ चालेल, पण टिकणार नाही.

तेव्हा घरचे घड्याळ कशाला म्हणावे? पेटी, तबकडी आणि पट्टा ही त्याची वस्त्रे होत. ती कोणासही उतरविता येतात. हृदय उतरविणे अवघड. बंगळूरच्या कारखान्यानेही आरंभी जपानी भाग जोडूनच घड्याळे तयार केली. पण तो तेथे थांबला नाही. एकेक भाग येथे बनवावयाचा, तो पूर्वीच्या भागाच्या तोडीचा उतरला की पुढचा घ्यावयाचा, असा त्याचा क्रम होता. भिंगाखाली चिमट्याने भाग जोडणाऱ्यांत स्त्रियांची संख्या मोठी होती. या परिश्रमांतून ‘जनता’ निघाले, काळ्या तबकडीचे ‘पायलट’ निघाले. अंधांना बोटांनी वेळ वाचता यावी म्हणून ब्रेल घड्याळही निघाले. ‘जनता’ हे नावच बोलके आहे. स्विस घड्याळाची शान हुबेहूब उतरविणे हा हेतू नव्हता. शिक्षक, कारकून, कामगार यांच्या मनगटावर विश्वासाची वेळ यावी, हा होता.

मागणी वाढली तशी १९७८ साली तुमकूरलाही शाखा निघाली. परंतु काळाचे चक्र कोणासाठी थांबत नाही. बॅटरीवर कंप पावणाऱ्या क्वार्ट्झच्या स्फटिकाने तोलचक्राला अचूकपणात सहज मागे टाकले. एचएमटीने क्वार्ट्झ घड्याळेही काढली, पण तिचा मुख्य भर चावीच्या घड्याळांवरच राहिला. १९८४ साली टाटा उद्योगसमूह आणि तमिळनाडू सरकारचे औद्योगिक महामंडळ यांनी मिळून टायटन स्थापन केली, आणि बंगळूरपासून जवळच होसूरला तिचा कारखाना उभा राहिला. ग्राहक तिकडे वळला. तोटा वाढत जाऊन अखेर २०१६ साली केंद्रीय मंत्रिमंडळाने एचएमटीची घड्याळ कंपनी बंद करण्यास मान्यता दिली. एखादी विद्या एकदा हस्तगत केली म्हणजे ती कायमची आपली झाली, असे नव्हे. ती दर पिढीत नव्याने शिकावी लागते, हा त्यातील धडा होय.

आज अनेक हौशी मंडळी नामांकित परदेशी घड्याळांच्या धर्तीवर घरच्या टेबलावर स्वतःचे घड्याळ जुळवितात. पेटी, तबकडी, काटे मनाजोगे निवडतात. आतले यंत्र मात्र बहुधा तयार आणलेले, पुष्कळदा जपानीच असते. हा छंद हसण्यावारी नेण्यासारखा नाही. भिंग डोळ्याला लावून प्रथमच तोलचक्र हलताना पाहणाऱ्याला यंत्राविषयी जो आदर वाटू लागतो, तेथूनच कारागिरीचा आरंभ होतो. मात्र जुळविणे आणि घडविणे यांतील अंतर त्याने विसरू नये. ते अंतर बंगळूरने एकदा तोडून दाखविले आहे. कित्येक घरांच्या कपाटात एखादे जुने ‘जनता’ आजही पडून असेल. जाणत्या घड्याळजीकडून ते साफ करून घ्यावे, तेल घालून घ्यावे आणि चावी द्यावी. बहुधा ते पुन्हा बोलू लागेल.